नवी बॅटरी, दुरुस्त सेल्फ, तरीही गाडी चालू होईना

जूनचा दुसरा आठवडा होता. आईच्या डोळ्यांची तपासणी कोल्हापूरला सकाळी साडेदहाला ठरली होती. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. पावसाचे दिवस आणि घाटात धुके, म्हणून आम्ही सहाला घर सोडायचे ठरवले होते. आई पुढच्या सीटवर बसली, डबा आणि छत्र्या मागे ठेवल्या, मी क्लच दाबून किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून एकच आवाज आला : टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख पेटलेले होते. हेडलाइट लावून पाहिले, तर समोरच्या कुंपणावरची जास्वंद स्वच्छ दिसत होती. आई म्हणाली, "अगं, बॅटरी उतरली असेल." पण बॅटरी बदलून तेव्हा दोनच महिने झाले होते.

गाडी अकरा वर्षांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर टाकायची. आमचे घर समुद्रापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर आहे. इथे खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात आणि गाडी उघड्यावर उभी असते. या गोष्टीचा गाडी चालू न होण्याशी किती जवळचा संबंध आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळले. ते सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, त्या आधीच्या सहा महिन्यांत या एकाच दोषापायी आम्ही तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या होत्या आणि त्या तिन्हींनी मूळ दोषाला हातसुद्धा लावला नव्हता.

गाडी चालू होत नाही, असे आपण सगळेच म्हणतो. पण त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात आणि गॅरेजमधली माणसे त्या बरोबर वेगळ्या करतात. 'सेल्फ उचलत नाही' ही पहिली : किल्ली फिरवली तरी सेल्फ, म्हणजे सुरुवातीला इंजिन फिरवणारी विजेची मोटर, चालत नाही आणि इंजिन फिरतच नाही. 'सेल्फ मारतोय, पण इंजिन पकडत नाही' ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात बॅटरी, सेल्फ आणि जाड तारा आपले काम करत असतात, तेव्हा शोध पेट्रोल, ठिणगी आणि इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) यांच्याकडे वळवायचा. किल्ली 'ऑन'वर नेल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते की नाही, डॅशबोर्डवरची किल्लीची खूण विझते की लुकलुकत राहते, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो की जागेवर पडून राहतो, एवढे पाहिले तरी मेकॅनिकला फोनवर नेमके सांगता येते. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात आणि इंजेक्टरच्या किंवा सेन्सरच्या तारा कुरतडतात. कोकणात हे कारण अजिबात दुर्मीळ नाही, म्हणून तुटलेली तार किंवा लेंड्या दिसतात का, हे बॉनेट उघडल्यावर पाहावेच. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : अशा बहुतेक गाड्या चालू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. टाकीतल्या पेट्रोलनेच तिथला पंप थंड राहतो, त्यामुळे पेट्रोलचा काटा महिनोन्महिने तळाला ठेवला, तर एके दिवशी सिलिंडर भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही.

आमची तक्रार पहिल्या प्रकारची होती आणि त्या प्रकारातही आवाज ऐकून पुष्कळ काही कळते. किल्ली फिरवली की सगळ्यात आधी सेल्फवर बसवलेला सॉलेनॉइड चालतो. तो एकाच हालचालीत दोन कामे करतो : सेल्फचा छोटा दातेरी पिनियन पुढे ढकलून इंजिनच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत अडकवतो आणि आतले तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला मिळवून देतो. काहीच आवाज आला नाही, तर किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरिंगमध्ये, रिलेत, फ्यूजमध्ये किंवा क्लचखालच्या स्विचमध्ये शोधायचे. टकटकटकटक असा भराभर आवाज येऊ लागला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असते : सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो, मागणी थांबल्याने व्होल्टेज पुन्हा वर येते आणि तेच चक्र सेकंदाला कित्येक वेळा फिरते. एकच ठाम 'टक्' येऊन पुढे शांतता असेल, तर सॉलेनॉइड ओढला गेला आहे, पण मोटर फिरलेली नाही, एवढे निश्चित मानता येते. का फिरली नाही, हा पुढचा प्रश्न आणि आमचे घोडे नेमके तिथेच अडले होते.

त्या सकाळी समोरच्या घरातल्या दादांनी आपली गाडी शेजारी आणून जंपर केबल लावली. लाल चिमटा दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकांना, काळा चिमटा दोन्ही बॅटऱ्यांच्या उणे टोकांना. किल्ली फिरवली, पुन्हा तोच 'टक्'. दादा म्हणाले, "ताई, बॅटरीचा प्रश्न नाही हा. सेल्फच अडकलाय." पण सेल्फ तीन आठवड्यांपूर्वीच खोलून त्यात नवे कार्बन ब्रश बसवले होते. वेळ जात होता. आमची गल्ली मुख्य रस्त्याकडे उतरती आहे, म्हणून शेवटी शेजारच्या दोन मुलांनी धक्का दिला. किल्ली 'ऑन', दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने थोडा वेग घेतल्यावर क्लच सोडला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात पकडले. कोल्हापुरात तपासणी केंद्राच्या दारापर्यंत मी ते बंद केले नाही. हा मार्ग फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीला चालतो, ऑटोमॅटिकला नाही. आणि इंजिन दोन-तीन प्रयत्नांत पकडत नसेल, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो, म्हणून तिथेच थांबावे. तपासणी आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन पडले होते आणि गाडी किल्लीवर मुकाट चालू झाली. दोष कधी दिसावा आणि कधी लपावा, अशी त्याची गेल्या सहा महिन्यांची रीतच होती.

आमच्या मागच्या आळीत एक काका राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांनी बत्तीस वर्षे बसगाड्यांच्या वायरिंगचे काम केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारले, "गेल्या वर्षभरात गाडीचं काय काय केलंस, ते क्रमाने सांग. बॅटरीशी संबंध नसलेलंही सांग."

मी सांगितले. डिसेंबरमध्ये क्लच जड झाला आणि मग जवळजवळ अडकलाच, म्हणून क्लच केबल बदलली. जुन्या केबलचे आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटलेले होते आणि ती मुळातच हलकी असेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. एप्रिलमध्ये बॅटरी बदलली, कारण जुनी दोन वर्षांतच दम सोडू लागली होती. मेअखेरीस सेल्फ दुरुस्त केला. काका क्लच केबलपाशीच थांबले. "वितळलेली होती? तुझ्या डोळ्यांनी पाहिलीस?" मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सेल्फचं काही बिघडलेलं नाही. इंजिनची अर्थिंग गेली आहे. सेल्फचा करंट क्लच केबलमधून परत येत होता."

हे वाक्य समजून घेणे हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. गाडीत बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फपर्यंत जाड तार जाते, पण परतीच्या वाटेला तशी वेगळी तार सेल्फला जोडलेली नसते. सेल्फचे धातूचे अंग इंजिनला बोल्टने घट्ट बसवलेले असते आणि तेच त्याचे उणे टोक. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर तोललेले असते, त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी जोडावी लागते, आणि सेल्फचा सगळा प्रवाह तिच्यातून बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या उणे टोकाकडे परततो. हीच इंजिनची अर्थिंग. ही पट्टी खारट हवेने सडली, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारा दुसरा धातू म्हणजे क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची पोलादी केबल. ती या कामासाठी केलेलीच नसते. ती तापते, आणि तिचे अस्तर वितळते. हेडलाइट आणि डॅशबोर्डचे दिवे यांची अर्थिंग थेट बॉडीला असते, इंजिनला नव्हे, म्हणून ते शेवटपर्यंत लख्ख राहिले. किल्ली फिरवताना दिवे अगदी मिणमिणते झाले असते, तर बॅटरीवर संशय घेता आला असता; ते जेमतेम किंचित मंदावत होते. हा पुरावा त्या पहाटे माझ्या डोळ्यांसमोर होता.

काकांनी मल्टिमीटर काढला आणि मोजमाप सुरू केले. आकडे मी वहीत उतरवून घेतले. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्ट. सहा घरांच्या, दर घराला २.१ व्होल्टच्या बॅटरीचा हाच पूर्ण भरलेला आकडा, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग मी किल्ली फिरवून धरली आणि त्यांनी पुन्हा मोजले : ११.५. सेल्फ मारताना चांगली बॅटरी साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये, म्हणजे आमची बॅटरी उत्तम होती. आता त्यांनी एक टोक बॅटरीच्या उणे खांबावर ठेवले आणि दुसरे थेट गिअरबॉक्सच्या घासून चकचकीत केलेल्या धातूवर. वास्तविक ही दोन्ही टोके एकाच अर्थिंगची, तेव्हा इथे फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवे. मी किल्ली फिरवली, 'टक्' आवाज आला आणि मीटरवर ७.१ आकडा उमटला. बॅटरी देत असलेल्या साडेअकरा व्होल्टपैकी सातांहून अधिक व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते आणि सेल्फच्या वाट्याला चार-साडेचार उरत होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे घरी आल्यावर वही घेऊन बसले. अडकलेल्या सेल्फमधून १४० अँपिअर जात असतील असे धरले, तर ७ भागिले १४०, म्हणजे पट्टीचा रोध ०.०५ ओहम. एका ओहमचा विसावा भाग. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध याहून जास्त असतो, त्यामुळे ओहमच्या खुणेवर मीटर लावून ही पट्टी तपासली, तर ती निर्दोषच ठरते. बीप वाजणारी चाचणी तर तारेचा एकच धागा शाबूत असला तरी वाजते. गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग 'बघितली' होती आणि दिवा नीट पेटला होता, कारण त्या दिव्याला अर्धा-एक अँपिअर पुरतो. घरातला नळ बंद असताना गाळाने भरलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण भरतो. धार किती येते ते नळ पूर्ण सोडल्यावरच कळते. तसेच इथे प्रवाह वाहत असतानाच मोजावे लागते. सात व्होल्ट आणि १४० अँपिअर यांचा गुणाकार होतो जवळजवळ एक हजार वॅट. कपड्यांच्या इस्त्रीएवढी ही उष्णता त्या पट्टीत आणि केबलमध्ये निर्माण होत होती, तेव्हा अस्तर वितळले नसते तरच नवल.

बॅटरी दोन वर्षांत का गेली, याचेही उत्तर याच पट्टीत निघाले. अल्टरनेटरसुद्धा इंजिनलाच बसवलेला असतो आणि बॅटरी भरताना त्याचा प्रवाहही याच वाटेने फिरतो. काकांनी गाडी धक्क्याने चालू करवून, हेडलाइट लावून मोजले, तेव्हा अल्टरनेटरच्या टोकाशी आणि त्याच्या अंगाशी १४.३ व्होल्ट होते, पण बॅटरीवर पोचत होते १३.२. रोज थोडी थोडी उपाशी राहणारी शिसे-आम्लाची बॅटरी आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे थर चढून लवकर निकामी होते. म्हणजे पट्टीने आधी केबल वितळवली, मग बॅटरी मारली, मग सेल्फवर आळ आणला. गॅरेजमधल्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांनी बदललेला प्रत्येक भाग खरोखरच बिघडलेला किंवा झिजलेला होता. मात्र एखादा भाग बिघडलेला सापडला, की तो कशाने बिघडला हे विचारायचे राहून जाते, आणि ते आमच्याकडूनही राहिले.

काकांनी मग जंपर केबल मागितली. तिचे काळे टोक बॅटरीच्या उणे खांबाला आणि दुसरे काळे टोक इंजिन उचलण्याच्या लोखंडी कडीला लावले. "आता मार." सेल्फ असा फिरला, जसा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी त्यांना त्या पहाटेची जंपर केबलची हकीकत पुन्हा सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "शेवटचा काळा चिमटा बॅटरीला लावायचाच नसतो, इंजिनच्या धातूला लावायचा. नियमाने लावला असता तर गाडी तिथेच निघाली असती, धक्का मारायलाच लागला नसता." जंपर लावण्याचा क्रम मी तेव्हापासून पाठ केला आहे : आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग लाल चिमटा चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून शक्य तितका दूर, काढताना याच्या नेमका उलटा क्रम. शेवटचा चिमटा जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असू शकतो, म्हणून हा नियम आहे. आमच्या बाबतीत तो पाळला असता तर दोषाची जागाही आपोआप कळली असती.

पट्टी बदलण्याचे काम रविवारी सकाळी अंगणातच केले. आधी बॅटरीचे उणे टर्मिनल काढले. ते आधी काढायचे, कारण अधिक टोक सोडवताना पान्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले, तर पूर्ण बॅटरीचा प्रवाह पान्यातून जातो. मग बॅटरी आणि तिच्याखालचा ट्रे बाहेर काढला, आणि तिथे, सहा महिने कोणाच्याही नजरेस न पडलेली ती पट्टी दिसली. वरून ती काळपट दिसत होती. काकांनी ती बोटांत धरून वाकवली, तेव्हा तिच्यातून हिरवट भुकटी गळाली आणि विणीचे धागे वाळलेल्या गवतासारखे तुटले. बॉडीच्या बाजूच्या बोल्टखाली रंग फुगून आत लालसर गंज धरला होता. आम्ही दोन्ही जागा पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासल्या, गाडीच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून आणलेली २५ चौरस मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना लग (बोल्ट घालायची धातूची कडी) दाबलेली नवी तार दातेरी वॉशर घालून आवळली आणि आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली आधी फासायची नाही; धातूला धातू भिडल्यावर बाहेरच्या ओलाव्याला अडवणे एवढेच तिचे काम. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुतली. तारेला तीनशे ऐंशी रुपये लागले. काकांनी चहाखेरीज काही घेतले नाही.

पुन्हा मीटर लावला. बॅटरीच्या उणे खांबापासून गिअरबॉक्सपर्यंत, सेल्फ फिरत असताना, ०.०७ व्होल्ट. अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १४.२.

एका बाबतीत मात्र हे सगळे मोजमाप बाजूला ठेवावे आणि किल्लीला हातही लावू नये. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर ती चालू होते का हे 'एकदा बघायचे' नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये एअर फिल्टरच्या वाटेने पाणी शिरलेले असते आणि हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारला, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. धुऊन, वाळवून, तेल बदलून वाचू शकणारे इंजिन त्या एका सेल्फने कायमचे जाते. अशा वेळी बॅटरीचे उणे टर्मिनल सोडवावे, गाडी ओढून न्यावी आणि स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नये, असे गॅरेजमध्ये आपणहून सांगावे.

माझ्या गाडीच्या डिकीत आता मल्टिमीटर, दहाचा आणि बाराचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जाड तारांची जंपर केबल कायम असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त जंपर केबलमध्ये जाड रबर आणि आत बारीक तार असते. ती विकत घेताना चिमट्यापाशी रबर मागे सारून तांबे किती आहे ते पाहावे. आईची पुढची तपासणी डिसेंबरात होती, त्यानंतर मार्चमध्ये, आणि यंदाच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर मी काकांना अंगणात बोलावले. या वेळी किल्ली त्यांनी फिरवली आणि मीटर मी धरला. ०.०९ व्होल्ट. त्यांनी बोल्ट पाऊण फेरा आवळला, पुन्हा सेल्फ मारला, आणि मी वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला : ०.०७.